प्राणिघराचे नत्थूजी

मी पाठवलेली चिठ्ठी तशीच परत आली. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आज कुत्रा भेटनार नाही. भेलेला आहे.’ खाली सही होती, नत्थू.

नोकरीला लागून मला तिसरा आठवडा चालू होता. नागपुरात डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांचे प्रयोगाचे तास घ्यायचे, हे माझं काम. साठीचं दशक संपत आलं होतं. तेव्हा देशभर सगळीकडेच या शिक्षणात कुत्र्यांवर, सशांवर, बेडकांवर प्रयोग होत. त्याबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटत नसे, मलाही नाही. कुत्र्याला भूल द्यायची, मानेतली रक्तवाहिनी मोकळी करून तिला नळी जोडायची आणि काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर त्याच्या रक्तदाबाची रेघ उमटताना मुलांना दाखवायची. एक औषध दिलं की रेघ वर चढायची, दुसरं दिलं की खाली यायची. तास संपला की कुत्र्याला त्याच भुलीत कायमचं झोपवायचं. मुलं वह्या मिटून जेवायला जात.

त्या दिवशी चाळीस मुलं खोळंबली होती. मी रागातच मागच्या अंगाला गेले. कडुलिंबाच्या चार झाडांपलीकडे टिनाच्या छपराची एक लांबट इमारत होती. कागदोपत्री तिला काहीही म्हणत असोत, आम्ही सगळे प्राणिघर म्हणत असू. दार उघडं होतं. आत एक उंच, वाळकुडा माणूस खाकी शर्टात जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याच्या मागे, अगदी भिंतीला चिकटून, एक काळा कुत्रा थरथरत उभा होता. आणि हा माणूस त्याच्याकडे पाठ करून बसलेला.

“नत्थूजी तुम्हीच का?”

“हाव जी. हळू बोला.”

“मुलं थांबलीत. कुत्रा का दिला नाहीत?”

“लिवून त देल्लं. भेलेला आहे. कालच आला.”

“मग असे पाठ करून काय बसलात?”

“तोंडाकडं पाह्यलं की भेते तो. पाठ दाखवली की वास घ्याले येते. दोन-तीन दिवस लागतीन.” त्यांनी मान न वळवता सांगितलं. “पंधरा दिवस झाल्याबिगर मी कोनाले कुत्रा देत नाई, मॅडम. त्याले जागा वळखू द्या. पोटभर दोन घास खाऊ द्या. मंग न्या.”

“दुसरा नाही?”

“दुसरा मागच्या हप्त्यात तुमीच नेला.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते फक्त मला सांगत होते. मी परत आले आणि मुलांना बेडकाचा प्रयोग दिला.

आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू, हे ऐकून हसले. म्हणाले, “त्या माणसाशी भांडू नका. मी भांडून पाहिलंय.” एकदा त्यांनी नत्थूजी रजेवर असताना नुकताच आणलेला कुत्रा टेबलावर घेतला होता. ड्रमवरची रेघ अशी काही नाचली की दिवसभराच्या प्रयोगातून कुणालाच काही कळलं नाही. नत्थूजी दुसऱ्या दिवशी आले, तो काजळीचा कागद पाहिला आणि म्हणाले, “जित्तेपनीचं भेव आहे हे, साहेब. झोपलं तरी जात नाई.” सरांनी पंधरा दिवसांचा नियम तेव्हापासून मान्य केला होता. शास्त्रालाही तो मान्य होता, एवढंच.

नत्थूजी उमरेडकडच्या एका खेड्यातले. वडील गावाची गुरं राखायचे. चौथीपर्यंत शाळा. शहरात येऊन आधी कुठे कुठे हमाली केली आणि मग प्राणिघरात लागले ते लागलेच. मी पाहिलं तेव्हा चाळिशीच्या पुढचे असतील, पण थकलेले वाटत. सकाळी आठलाही ते दिवसभर राबून आल्यासारखे दिसायचे. खांदे पुढे झुकलेले, डोळ्यांखाली काळं. चालणं इतकं सावकाश की नवीन माणसाला तो आळस वाटे. घाईत चालणाऱ्या माणसाला जनावर घाबरतं, हे मला पुढे कळलं.

दाराशी एक पाटी टांगलेली असे. तिच्यावर रोज कोण जेवलं, कोण नाही, ते लिहिलेलं. नावं कुणालाच नव्हती. ‘खिडकीपासचा’, ‘नळाजवळची’, ‘तांबडी’, ‘लंगडा’. मी एकदा विचारलं, “नावं का नाही ठेवत हो?”

“नाव ठेवलं त पाटीवरून पुसाले जड जाते.”

पण बोलायचे मात्र सगळ्या कुत्र्यांशी. कुत्रा असला तर ‘गा’, कुत्री असली तर ‘वं’. “काहून वं, आज काहून तोंड लावलं नाई?” हे विचारताना आवाज असा, की घरात सुनेला विचारत असावेत. सशांशी ते बोलत नसत. सशांना मोठा आवाज सोसत नाही, म्हणत. त्यांच्या पिंजऱ्यांपुढे नुसतं उभं राहायचे आणि तोंडाने हलका चक् चक् आवाज करायचे.

स्वतःचा डबा ते सगळ्यांचं झाल्यावर उघडत. कधी दोन वाजत, कधी तीन. एखाद्या जनावराने खाल्लं नसेल तर डबा तसाच घरी जाई. यावरून त्यांची बायको अनसूयाबाई एकदा थेट विभागात येऊन भांडून गेली. “माह्या हातच्या भाकरी वाऱ्यावर आहेत का? कुत्र्यानं खाल्लं नाई म्हून हे खात नाई. मले सांगा मॅडम, असा मानूस कोनी पाह्यला?” नत्थूजी तिच्या मागे उभे राहून जमिनीकडे पाहत होते.

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना टिनाच्या छपराखाली काय होतं ते सांगायला नको. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागायची, मुलं आपापल्या गावी जायची, आम्हीही दुपारी घराबाहेर पडत नसू. नत्थूजींना सुट्टी नव्हती. ते पिंजऱ्यांवर ओली पोती टाकत, तासातासाला ती पुन्हा भिजवत. एका वर्षी पाण्याची फार टंचाई झाली. नळ सकाळी थोडा वेळ यायचा आणि जायचा. दुपारपर्यंत पोती खडखडीत वाळून जायची. पहिल्या दिवशी दोन ससे गेले, दुसऱ्या दिवशी तीन.

तिसऱ्या दिवशी मोठे सर काही कागद विसरले म्हणून भर दुपारी कॉलेजात आले. त्यांच्या खोलीचं दार आतून लावलेलं. आत कूलर चालू असल्याचा आवाज. त्यांनी दार ठोठावलं. नत्थूजींनी उघडलं. आत सरांच्या टेबलावर, सोफ्यावर, पुस्तकांच्या कपाटाशी, जमिनीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर सगळीकडे ससे. एक सरांच्या खुर्चीत बसलेला. वाळ्याचा वास आणि सशांच्या लेंड्यांचा वास एकत्र झालेला.

हा प्रसंग सर पुढे फार रंगवून सांगत. ते म्हणे दारातच उभे राहून ओरडले, “हे काय चाललंय?”

“गारव्याला आनले जी.”

“माझ्या खोलीत?”

“तुमी तर सुट्टीवर आहा. कूलर सुट्टीवर नाई.”

सर यावर हसले की चिडले, ते दर वेळी वेगळं सांगत. पण ससे जून लागेपर्यंत तिथेच राहिले हे खरं. कूलरमध्ये टाकायला पाणी नत्थूजी रोज सायकलवर दोन पत्र्याचे डबे बांधून कुठूनतरी आणत होते. सोफा मात्र कायमचा बाद झाला.

हे सगळं मी सांगतेय त्यावरून वाटेल की नत्थूजी म्हणजे आनंदी माणूस होता. नव्हता. जनावरं वाचवायची ती कशासाठी, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. वाचलेले ते ससे पुढच्या हिवाळ्यात त्यांनीच एकेक करून आमच्या टेबलावर आणून दिले.

कुत्रे पकडून आणणारा एक माणूस होता. महिन्यातून एकदा तो पिंजऱ्याच्या हातगाडीवर दोन-तीन कुत्रे आणून द्यायचा. एकदा त्यात एक तपकिरी कुत्रा आला. अंगाने भरलेला, शेपटी झुपकेदार, आणि मानेभोवती केस गोलाकार झिजलेले. नत्थूजींनी ती खूण बोटाने चाचपली आणि मला बोलावणं पाठवलं.

“हा घरचा आहे, मॅडम. पट्ट्याचा घट्टा आहे पाहा. बस म्हनलं की बसते. ताटात देल्लं तरच खाते. कोनाचा तरी हरपला आहे.”

“मग?”

“मंग त्याचं घर पाहा लागन. मी एकटा गेलो त लोकं म्हनतीन, चोरून आनला. तुमी असल्या त बोलतीन.”

कुत्रा जुन्या शहरातल्या महाल भागातून पकडल्याचं आणणाऱ्याने सांगितलं होतं. रविवारी सकाळी मी धरमपेठेतल्या माझ्या खोलीवरून निघाले आणि महालात नत्थूजींना भेटले. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, कुत्र्यालाही धुतलं होतं. आम्ही गल्ल्यांतून फिरू लागलो. पानाच्या टपऱ्यांवर विचारलं, शिंप्यांना विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. ऊन चढलं तशी मी म्हणाले, पुढच्या रविवारी पाहू. तेवढ्यात कुत्र्याने कान उभे केले आणि दोरी ओढायला सुरुवात केली. नत्थूजींनी कधी नव्हे ते पाय उचलले. मी मागे पळत होते. दोन वळणं झाली, तिसऱ्या वळणावर एका निळ्या दाराच्या घरापुढे तो थांबला, पायरीवर चढला आणि बसला. शेपटीने पायरी झाडत राहिला.

नत्थूजींचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही. ते हसत होते. “पाह्यलं? सांगतलं होतं न, घरचा आहे म्हून!”

दार एका पस्तिशीच्या गृहस्थांनी उघडलं. चांगला, सभ्य माणूस. आधी आमच्याकडे पाहिलं, मग खाली. कुत्रा उभा राहून त्यांच्या अंगावर झेपावला. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“हा तुमचाच न जी?” नत्थूजी म्हणाले.

“हो. म्हणजे, होता.” ते थोडे गोंधळले. “तुम्हाला कुठे भेटला हा? मी स्वतः याला गावाबाहेर, फुटाळा तलावाच्या पलीकडे सोडून आलो होतो. परत इकडे आलाच कसा?”

“सोडून आल्ते?”

“घरात लहान बाळ आलंय. बायको नको म्हणते. चार ठिकाणी विचारलं, कुणी घेतला नाही. काय करणार?”

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. गृहस्थ म्हणाले, “माफ करा हं,” आणि दार लावू लागले.

“साहेब,” नत्थूजी म्हणाले, “थोडं पानी पाजता का त्याले? चालून आला.”

त्यांनी तांब्याभर पाणी आणलं. नत्थूजींनी ओंजळ धरली, त्यांनी वरून पाणी ओतलं, कुत्रा प्यायला. मग दार लागलं. कुत्रा पायरीवरून उठेना. दोरी ओढली तरी उठेना. शेवटी नत्थूजींनी त्याला लहान वासरासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि तसेच चालू लागले. चौकात एक सायकल-रिक्षावाला हो-ना करत तयार झाला. वाटेत ते म्हणाले, “हा आमचा नाई, असं त्या मानसानं म्हनलं असतं त बरं झालं असतं, मॅडम. वळखलं आन् दार लावलं.”

तो कुत्रा मी घरी न्यावा, असं माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? माझी भाड्याची खोली, मालकीणबाई सोवळ्यातल्या, ही सगळी कारणं मी रिक्षात बसल्या बसल्या मनात जुळवली आणि तोंड उघडलं नाही. नत्थूजींनीही मला विचारलं नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही घरी का नेत नाही? ते म्हणाले, “एक नेला त बाकीच्याइले काय सांगू?”

पुढचे चार महिने पाटीवर त्या कुत्र्यापुढे रोज ‘बिमार’ असं लिहिलेलं असे. तो अजिबात आजारी नव्हता. लिंबाखाली मोकळा फिरायचा, नत्थूजींच्या मागे मागे राहायचा, नवीन आलेल्या भेदरलेल्या कुत्र्यांजवळ जाऊन बसायचा. ते लवकर शांत होत. सर रोज तिथून जात, पाटी वाचत आणि पुढे जात. आजारी जनावर प्रयोगाला घ्यायचं नसतं.

वार्षिक परीक्षा आली. बाहेरगावाहून परीक्षक येणार. त्याच सुमारास प्राणिघरात कुत्र्यांमध्ये कसलीशी साथ शिरली. आठवड्यात सगळे गेले. नत्थूजी तीन दिवस घरी गेले नाहीत. साथीतून तेवढा एक तपकिरी वाचला. नवीन कुत्रे आणले तरी पंधरा दिवस हातात नव्हते. सरांनी मला खोलीत बोलावलं. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “चिठ्ठी लिहा.”

मी म्हणाले, “सर, तो...”

“मला माहीत आहे तो कोण आहे. चिठ्ठी लिहा.”

मी लिहिली. ‘कुत्रा, एक.’ माझी सही केली.

नत्थूजी स्वतः त्याला घेऊन आले. दुसऱ्या कुणालाही त्यांनी दोरी धरू दिली नाही. खरं तर दोरी नव्हतीच, तो त्यांच्या पायाशी चालत आला. अंग ओलसर होतं, आंघोळ घातलेली. प्रयोगशाळेत इतकी माणसं पाहून त्याला बरं वाटलं असावं, तो शेपटी हलवत एकेकाला हुंगत होता. नत्थूजींनी “बस गा” म्हटलं, तो बसला. मी इंजेक्शन भरलं.

“एकाच टोचनीत झालं पाह्यजे, मॅडम,” ते म्हणाले.

एकाच टोचणीत झालं. “झोप गा,” ते त्याला म्हणाले, “मी आहो इथी.” शेपटी दोन-तीनदा फरशीवर आपटली आणि थांबली. त्याला टेबलावर ठेवून नत्थूजी बाहेर गेले. त्या दिवशीची रेघ फार सुरेख आली. बाहेरचे परीक्षक म्हणाले, इतकी स्थिर रेघ त्यांनी क्वचित पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी नत्थूजींचा अर्ज आला. मला फाटकावर द्या. कारणाच्या जागी काही लिहिलं नव्हतं. सरांनी तो लगेच मंजूर केला. प्राणिघरात वामन नावाचा दुसरा शिपाई आला. तो काही वाईट माणूस नव्हता. कामाला वाघ. दोन दिवसांत त्याने जागा घासूनपुसून लख्ख केली, जाळ्या रंगवल्या, पाटीवर रोज सगळ्यांपुढे ‘जेवला’ लिहू लागला. हातात एक छडी ठेवायचा. मारत नव्हता फारसा, नुसती पिंजऱ्यावर वाजवायचा. जनावरं पटकन ऐकत. मी एकदा आत गेले तेव्हा दार उघडल्याबरोबर सगळे नवीन कुत्रे मागच्या भिंतीला जाऊन चिकटले. कुणीच भुंकलं नाही.

नत्थूजी फाटकावर स्टुलावर बसलेले असत. डोक्यावर नवीन टोपी. तिथून प्राणिघर दिसत नव्हतं, पण वारा असला की छडीचा आवाज यायचा. मी येता-जाता पाहायची. ते कुणाशी बोलत नसत.

नवव्या दिवशी सकाळी ते मला प्राणिघरात दिसले. एका पिंजऱ्याकडे पाठ करून जमिनीवर बसलेले. वामन बाहेर लिंबाखाली बिडी ओढत होता.

“नत्थूजी, तुमची बदली झाली आहे ना?”

“थो अर्ज फाडून टाका म्हना साहेबाले.”

“का? काय झालं?”

ते म्हणाले, “मी तिथी बसलो त कुत्रे मराचे थांबले का? नाई न. पंधरा दिवस त असतात त्याइच्यापाशी. थे तरी भेवात काहून जावं?”

सरांनी अर्ज फाडला. वामन फाटकावर गेला आणि तिथे खुशीत राहिला. नत्थूजींनी पुढे आणखी बारा-तेरा वर्षं तेच काम केलं. त्यांना ते आवडत होतं असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, रोज सकाळी त्या दाराचं कुलूप काढताना त्यांना ते नकोसं होत असणार. पण कुलूप त्यांनीच काढलं.

माझ्यात काही बदल व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं जावी लागली. नोकरी पक्की झाली, लग्न झालं, मुलगी झाली, मग कुठे बोलायचं धाडस आलं. मी सरांना सुचवलं की प्रत्येक तुकडीला वेगळा कुत्रा कशाला? एकच प्रयोग करू, सगळ्यांनी मिळून पाहावा, त्याचे कागद जपून ठेवू आणि पुढे तेच शिकवू. बैठका झाल्या, वाद झाले. कुणी म्हणालं, बाईमाणसाचं मन. पण हळूहळू ते झालं. दर महिन्याला येणारी हातगाडी सहा महिन्यांतून एकदा येऊ लागली. ज्या दिवशी ते ठरलं त्या दिवशी मी लगबगीने नत्थूजींना सांगायला गेले. मला वाटलं होतं, ते खूश होतील.

त्यांनी ऐकून घेतलं. “बरं झालं,” म्हणाले. मग पाटी पुसता पुसता, “पन एकाले त आनाच लागन न, मॅडम?”

मला थोडं लागलं. पण त्यांचं चुकलं कुठे होतं?

ऐंशी सालानंतर ते निवृत्त झाले. विभागात निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, चहा, चिवडा. मोठे सर तोवर फार वरच्या जागेवर गेले होते, पण मुद्दाम आले. छान बोलले. सशांची गोष्ट सांगितली, सगळे पोट धरून हसले. शेवटी म्हणाले, “असा प्राणिमित्र मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.” टाळ्या झाल्या. नत्थूजींना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते उठले, शाल सावरत उभे राहिले.

“साहेबानं मले प्राणिमित्र म्हनलं,” ते म्हणाले. “थे जनावराइले इचारा लागन.” आणि खाली बसले.

मागच्या रांगेतली मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी मी त्यांच्या घरी गेले. अनसूयाबाई रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात भेटली होती, तिने सांगितलं, ते घराबाहेर फारसे पडत नाहीत, एकदा येऊन जा. रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांची वस्ती होती. थंडीचे दिवस, उन्हं कोवळी. नत्थूजी दारासमोर बाजेवर पाय खाली सोडून बसले होते. केस सगळे पांढरे झालेले, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. मला ओळखलं. उठायला लागले, मी बसवलं.

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मुलाची नोकरी, नातीची शाळा. त्यांनी प्राणिघराबद्दल विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. अनसूयाबाईने चहा आणला, मग भाकरीचा तुकडा घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे एक म्हातारी पांढरी कुत्री निजलेली होती. कुत्रीने तुकडा खाल्ला आणि तिच्या मागे मागे घराकडे आली.

“हिले रोज मीच माह्या हातानं देते,” अनसूयाबाई म्हणाली. “यायले सांगतलं त देत नाई. इतले वर्षं कुत्र्याइसाठी माह्यासंग भांडले, आन् आता हात लावत नाई कुत्र्याले. इचारा त्याइले, काहून म्हून.”

मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, तेही माझ्याकडे न पाहता.

“मी चारलं की भरोसा करते थे. मंग मले वाटते, आता याले कुठी तरी न्या लागन.”

अनसूयाबाई कप घेऊन आत गेली. मी थोडा वेळ बसले, मग निघते म्हणाले. ते हात जोडून “या जी” म्हणाले. गल्लीच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. पांढरी कुत्री बाजेपाशी येऊन उभी होती. तिने त्यांच्या पायांचा वास घेतला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि त्यांच्या अनवाणी पावलांवर मान टाकून उन्हात आडवी झाली. नत्थूजी समोर बघत होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. पाय मात्र त्यांनी हलवले नाहीत.